जुळे सोलापूर : सात महिने भाडं नाही, खालच्या खोल्या सोडत नाहीत. काय करावं?

उन्हाळा44 (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, पण आता डोक्यावरून पाणी गेलंय म्हणून लिहितोय.

जुळे सोलापुरात आमचं दुमजली घर आहे. मी शिक्षक होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वर आम्ही दोघं, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्याने. चार वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं, नवरा-बायको आणि एक मुलगी. ओळखीतून आले, म्हणून शंभराच्या स्टँपवर 11 महिन्यांचा करार करून नोटरी केली. करार संपला तेव्हा त्यांनीही विषय काढला नाही, मीही नाही. भाडं 5500, अनामत 15000. साडेतीन वर्षं एक तारखेला पैसे हातात. यंदा जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून मात्र बंद. तो टॉवेलच्या कारखान्यात आहे, पाळ्या कमी झाल्या म्हणतो. विचारलं की, "काका, पुढच्या महिन्यात बघू की."

पैशाचं एक वेळ सोडा. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलीय, डॉक्टर ऑपरेशन सांगतायत. जिन्याला 19 पायऱ्या आहेत. मोजल्यात, कारण ती प्रत्येक पायरीवर थांबते. आम्हाला खाली राहायला यायचंय. तसं सांगितलं तर उत्तर आलं, "दहावीचं वर्ष आहे पोरीचं, आता कुठं जाऊ?"

मेव्हणा म्हणतो पाण्याची मोटर बंद करा. शेजारी म्हणतात 12 वर्षं झाली की घर त्यांच्या नावावर होतं. एकानं तर कूळ लागेल म्हणून घाबरवलं. खरं काय आहे?

कडकभाकरी
काका, कायदा-बियदा सोडा. आपल्या गावात पाणी येतं चार-पाच दिवसांनी. हौद तुमचा, मोटर तुमच्या मीटरवर. हौदाच्या झाकणाला कुलूप घाला आणि गावाला जावा. दोन पाळ्या पाणी नाही मिळालं की आपोआप टेम्पो बोलावतात.

शेंगाचटणी
+1. माझ्या मामानं दुरुस्तीच्या नावाखाली संडासाचं दार काढून नेलं होतं. गेले की आठ दिवसांत.

काळाकोट
वरचे दोन्ही सल्ले वाचून विसरा. मी दिवाणी बाजूला वकिली करतो आणि अशी कुलूपं उघडायला लावण्याची कामंही केलीत, भाडेकरूच्या बाजूने.

आपल्याकडे लागू आहे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, अंमल 31 मार्च 2000 पासून. त्याचं कलम 29 सरळ सांगतं की पुरेसं कारण नसताना मालकाने पाणी, वीज, संडास, जिन्यातला दिवा यातलं काही तोडायचं नाही, अडवायचं नाही. भाडं थकलंय हे त्याला कारण होत नाही. भाडेकरू कोर्टात गेला तर पुरवठा सुरू करायचा हुकूम होतो, आणि मालकाला कैदेचीही तरतूद आहे. मोटर तुमच्या मीटरवर आहे, एवढ्यानं तुम्ही सुटत नाही.

तो बाहेर गेल्यावर कुलूप बदललंत तर त्याहून वाईट. बळजबरीने ताबा गेलेला माणूस विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. तिथे मालक कोण हा प्रश्नच येत नाही, ताब्यात कोण होतं आणि कसं काढलं एवढंच पाहतात. म्हणजे आज तो थकबाकीदार आहे. कुलूप लावलंत की तो फिर्यादी झाला आणि तुम्ही आरोपी.

आता भीतीचं. घर भाड्याने दिलं की कूळ लागत नाही. कूळकायदा शेतजमिनीचा, 1948 चा. आपण बोलताना भाडेकरूलाही कूळ म्हणतो, त्यातून हा घोळ होतो. आणि 12 वर्षांचं म्हणाल तर, जो तुमच्या परवानगीने राहतोय, भाडं देत आलाय, तो कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही. प्रतिकूल कब्जा म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, सलग केलेला कब्जा. भाड्याची एकच पावती असली तरी तो दावा लटका पडतो.

भाड्याची पावती देता का काका?

उन्हाळा44
नाही हो. आधी रोख, मागच्या दोन वर्षांत माझ्या मुलीच्या सांगण्यावरून फोनवर. बँकेच्या पासबुकात दिसतं.

काळाकोट
पासबुक चालेल. पण ऐका, पावती देणं कलम 31 प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे, उपकार नाही. पावती दिली की भाडेकरू पक्का होतो असं मालक समजतात. उलट, कोर्टात भाडं किती आणि कधीपासून थकलंय हे त्याच कागदानं ठरतं.

तुमची मोठी अडचण करार ही आहे. 11 महिन्यांचा म्हणजे नोंदणी नको, हा समज अख्ख्या महाराष्ट्रात आहे आणि चुकीचा आहे. कलम 55 प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसेन्स (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीची नुसती राहण्याची परवानगी), लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, कितीही महिन्यांचा असो. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

पुणेकर_मूळसोलापूर
इथे माझा अनुभव सांगतो, उपयोग होईल. विजापूर रोडला माझा फ्लॅट आहे. नोंदवलेला लिव्ह अँड लायसेन्स होता. मुदत संपली, माणूस हलेना. वकिलांनी दिवाणी दावा लावलाच नाही, कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला अधिकारी) अर्ज केला. तिथे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागायची असते. नाही मागितली तर मालकाचं म्हणणं कबूल असल्याचं धरतात. माझ्या माणसाने मागितली, पण कागदच इतका स्वच्छ होता की सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नाही. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानतात. मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत शुल्काच्या, म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते, हे कळल्यावर तो स्वतःच किल्ली घेऊन आला.

नोंदणीचा खर्च किती, तर एका वेळच्या हॉटेलच्या बिलाइतका. महिना 7000, 11 महिने, अनामत 25000 असं धरा. भाड्याचे 77000, अनामतीवर सालाना 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे 2300, त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. दोनशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. एजंटचे पैसे वेगळे. तो घरी यंत्र घेऊन येतो, आधारवर अंगठे घेतो, चहा पितो, जातो.

कडकभाकरी
हे आधी कोण सांगतंय. स्टँप व्हेंडर तर म्हणतो नोटरी केली की झालं.

काळाकोट
पुणेकरांचं बरोबर आहे, फक्त धागाकर्त्यांना तो दरवाजा जवळजवळ बंद आहे. करार नोंदवलेला नाही, मुदत संपून तीन वर्षं झाली, आणि मुदतीनंतर तुम्ही दरमहा भाडं घेत राहिलात. समोरचा म्हणणार मी लायसेन्सी नाही, भाडेकरू. त्या वादात वर्षं घालवण्यापेक्षा त्याला भाडेकरूच धरून सरळ दिवाणी न्यायालयात जा. दोन मुद्दे आहेत.

पहिला थकबाकीचा. कलम 15. आधी लेखी मागणीची नोटीस, ती मिळाल्यापासून 90 दिवस थांबायचं, मगच दावा. या काळात त्याने सगळी बाकी भरली तर तो मुद्दा संपला. नाही भरली आणि दावा लागला, तरी समन्सपासून 90 दिवसांत बाकी, त्यावर साल 15 टक्के सरळ व्याज आणि खर्च कोर्टात भरून पुढे निकालापर्यंत भाडं भरत राहिला, तर थकबाकीवर घर सोडण्याचा हुकूम होत नाही.

शेंगाचटणी
म्हणजे पैसे फेकले की सुटला? मग मालकानं काय करायचं?

काळाकोट
त्या मुद्द्यावर सुटला. कायदा थकबाकी वसूल व्हावी म्हणून आहे, थकबाकीच्या निमित्ताने माणूस काढता यावा म्हणून नाही. म्हणून दुसरा मुद्दा महत्त्वाचा, कलम 16 मधली मालकाची वाजवी आणि खरी गरज. काका, तुमच्या 19 पायऱ्या म्हणजे हा मुद्दा. बायकोच्या गुडघ्यांचे एक्स-रे, डॉक्टरांचा कागद, जिन्याचे फोटो, सगळं तारखेवार लावून ठेवा. कोर्ट कोणाची अडचण जास्त हेही तोलतं. तो म्हणेल मुलगी दहावीला आहे. ती अडचण मार्चपर्यंतची आहे, तुमची कायमची.

आणि हे कारण खोटं काढू नका, कोणीच. ताबा मिळाल्यावर महिनाभरात स्वतः राहायला गेलं नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर जुना भाडेकरू त्याच कायद्याखाली जागा परत मागू शकतो.

भाडोत्री
मी भाडेकरू. बारा वर्षांत चार घरं बदलली, पूर्व भागात दोन, होटगी रोडला दोन. इथे सगळे मालकच बोलतायत म्हणून लिहितो.

हौदाला कुलूप घातलेलं मी पाहिलंय. पहाटे चारला पाणी येणार म्हणून बायको घागरी मांडून बसलेली, आणि वरून मोटरचा आवाजच येईना. त्या दिवशी शेजारणीने नळी दिली. दोन महिने भाडं थकलं होतं, खरं आहे. आम्ही त्याच महिन्यात सोडणार होतो. त्या पहाटेनंतर मुद्दाम वर्षभर राहिलो. भाडं बँकेतून पाठवत राहिलो, मालक घेत नव्हता, परत करायचा. आमच्या वकिलांनी परतीची प्रत्येक नोंद जपून ठेवायला सांगितली.

उन्हाळा काका, तुम्ही तसे वाटत नाही म्हणून बोललो.

काळाकोट
मालक भाडं परत करायचा, हे भाडोत्री यांनी लिहिलंय, त्या ओळी मालकांनी फ्रेम करून लावाव्यात. भाडं देऊ केलं आणि मालकाने नाकारलं, की भाडेकरू "द्यायला तयार होता" हे सिद्ध होतं आणि थकबाकीचा मुद्दा मालकाच्याच हाताने मरतो. पैसे घ्या, हक्क राखून घेतोय असं लेखी कळवा.

नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. रक्कम महिन्यावार मांडा, अंदाजे आकडा नको. काका, सात महिन्यांचे 38500 होतात. त्यातून मनातल्या मनात अनामत वजा करू नका, तिचा हिशेब ताबा मिळेल तेव्हा. पाकीट "घेण्यास नकार" शेरा मारून परत आलं तर ते उघडू नका. तसंच बंद ठेवा. बरोबर पत्त्यावर पाठवून नाकारलेली नोटीस पोचली असं धरतात, आणि कोर्टात ते न उघडलेलं पाकीट वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त बोलतं.

साखरपेठ
थोडं अवांतर. आमचा आजोबांच्या काळचा वाडा. एका खोलीचं भाडं 40 रुपये. मूळ भाडेकरू वारले, मुलगा स्वतःच्या फ्लॅटमध्ये शेळगीला राहतो, खोलीला कुलूप. दिवाळीला येऊन झाडून जातो. काही होईल का?

काळाकोट
आधी पाहा, वडील वारले तेव्हा मुलगा त्या खोलीत त्यांच्यासोबत राहत होता का. भाडेकरूपण आधी जातं ते मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे, तसं कोणी नसेल तर वारसाकडे. राहत होता असं धरलं तरी, दाव्याच्या आधी सलग सहा महिने रास्त कारणाशिवाय जागा वापरात नसेल तर तेही कलम 16 खाली कारण आहे. पुरावा कुठे शोधायचा? विजेच्या बिलात. महिन्यामागून महिना मीटर तिथेच थांबलेलं असेल, शेजारी साक्ष देतील, आणि शेळगीच्या पत्त्यावर त्याचं मतदार यादीत नाव, गॅसची नोंद असेल. महापालिकेच्या कर उताऱ्यावर भोगवटादार कोण लिहिलाय तेही काढून ठेवा. दिवाळीच्या झाडण्याला वापर म्हणायचं की नाही यावर मात्र समोरचा वकील जोर लावणार, तयारी ठेवा. 40 रुपये घेऊन पावती देत राहा.

शेंगाचटणी
व्हॉट्सअॅपवर फिरतंय की नवीन भाडे कायदा आला, आता भाडेकरूला साठ दिवसांत काढता येतं. मग ही सगळी कटकट कशाला?

काळाकोट
तो आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर करून राज्यांकडे पाठवला. नमुना म्हणजे नमुना. घरभाडं हा राज्याचा विषय, राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. सोलापूरच्या कोर्टात आजही 1999 चाच कायदा चालतो. तो मेसेज पुढे पाठवू नका, माझ्याकडे त्याच्या प्रिंट घेऊन लोक येतात.

मधलीखोली
मी एकटी असते, नवरा गेल्यावर घराची एक खोली भाड्याने आहे, तिथेही असाच त्रास. वकिलाची फी झेपत नाही.

काळाकोट
ताई, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्याने. आधार आणि घराचे कागद न्या.

उन्हाळा44
नोव्हेंबर. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी.

ऑगस्टच्या शेवटी नोटीस दिली. त्याने सही करून घेतली. नंतर तीन महिने जिन्यात समोरासमोर आलो तरी दोघंही खाली बघायचो. मोटर मी रोज वेळेवर चालू केली, मेव्हण्याशी त्यावरून बोलणं बंद आहे. आणि 86 व्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला, खात्यात सगळी बाकी जमा. सोसायटीतून कर्ज काढलं म्हणे.

खोटं कशाला बोलू, आनंद झाला नाही. चिडचिड झाली. पैसे मिळाले आणि मुद्दा गेला.

काळाकोट
पैसे मिळाले हे आधी मोजा. आता गरजेचा मुद्दा तसाच उभा आहे, त्यासाठी 90 दिवसांचं बंधन नाही. पण दावा लावायच्या आधी एकदा खाली जाऊन बोला. दावा म्हणजे खालच्या कोर्टात दोन-तीन वर्षं धरा, वर जिल्हा न्यायालयात अपील. त्याला मार्चपर्यंतच जागा हवी असेल तर तुमच्यात भांडण चार महिन्यांचंच आहे.

जमलं तर साध्या कागदावर लिहून घेऊन थांबू नका. तो कागद मोडला तर पुन्हा दावाच लावावा लागतो. डिसेंबरच्या लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे दावा लावायच्या आधीच, ठेवा. तिथला निवाडा दिवाणी हुकुमासारखा अंमलात आणता येतो, त्यावर अपील नाही. तडजोडीत ताबा कशासाठी परत देतोय ते कारण लिहा, गुडघे आणि पायऱ्या सकट. भाडेनियंत्रणाच्या प्रकरणात नुसतं "राजीखुशीने" लिहिलेलं पुढे अडचणीत येतं.

उन्हाळा44
एप्रिल. खोल्या मिळाल्या.

त्या रात्री गेलो होतो खाली. बायकोच म्हणाली मी येते, आणि 19 पायऱ्या उतरून आली. आठ-दहा मिनिटं लागली. तो दारात उभा राहून बघत होता. बोलायला फारसं काही उरलं नाही. दहावीची परीक्षा झाल्यावर 15 एप्रिलला सोडायचं, तोवर भाडं चालू, लोकअदालतीत दोघांच्या सह्या.

13 तारखेलाच गेले. ताबा पावती दोन प्रतींत केली: तारीख, वेळ, किती किल्ल्या, मीटरचा आकडा, नळ-पंखे-ट्यूब काय काय आहे ते, आणि "आता कोणताही हक्क राहिलेला नाही" असं वाक्य. मीटरचा फोटो काढला. वीजबिलाचे 640 कापून अनामत तिथेच खात्यात टाकली. रंगाचे कापा म्हणत होता मेव्हणा, नाही कापले.

महिन्याच्या आत खाली राहायलाही आलो. गुडघ्यांची तारीख मे महिन्यात आहे.

भाडोत्री
काका, छान झालं. मुलीला किती पडतात ते कळवा.

कडकभाकरी
अभिनंदन काका. ते हौदाचं मी लिहिलं होतं ते मनावर घेऊ नका. एक विचारायचं होतं, वरचा मजला आता रिकामा ना? माझा भाचा विद्यापीठात लागलाय, एकटाच आहे, पोरगं चांगलं आहे, माझी हमी.

उन्हाळा44
हमी राहू दे. आधार कार्ड घेऊन रविवारी पाठव, एजंट यंत्र घेऊन अकराला येणार आहे.